आकडी थांबल्यानंतर

साशंक : डॉक्टरसाहेब, अपस्माराच्या रुग्णाला विसर पडतो, त्याचे चित्त एका जागी ठरत नाही, बोलता बोलता नेमका शब्द ऐन वेळी त्याच्या हाती लागत नाही, ही गोष्ट भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांतल्या शाळांत ज्याची सारी नोकरी गेली त्याला कोणा शास्त्रज्ञाने येऊन सांगावी लागत नाही, आकडी येणारे मूल वर्गात असले, की पाढे चालू असताना मध्येच थबकणारा आवाज कोणाचा, हे मास्तरला फळ्याकडे तोंड असतानाही कळते. आता आपल्या शास्त्राने असा निर्णय दिला आहे म्हणतात, की हा रोग मेंदूतल्या एखाद्या ठिकाणाचा नसून त्या ठिकाणांना परस्परांशी सांधणाऱ्या तंतूंच्या व्यवस्थेचा आहे, आणि मुलाच्या विस्मरणाचे मूळही त्याच सांधणीच्या बिघाडात शोधावयाचे आहे. त्यावर माझा अविश्वास आहे असे समजू नका. परंतु ज्या जालना जिल्ह्यात झटके येणाऱ्या मुलाला आजही कित्येक घरांतून आधी जयदेववाडीला जाळीच्या देवाकडे नेतात, तेथे गुण आला नाही तर हद्द ओलांडून बुलढाण्याकडे सैलानीच्या दर्ग्याला नेतात, आणि या वाऱ्यांपायी कर्ज झाल्यावर मग सरकारी दवाखान्याची पायरी चढतात, त्या जिल्ह्यात हा निर्णय कोणाच्या कामी येणार? पूर्वी बाहेरची बाधा म्हणत होते, पुढे मेंदूचा रोग म्हणू लागले, आता सांधणीतला दोष म्हणतील. या नामांतराने एका तरी मुलाला सतराचा पाढा आला आहे काय, एवढेच मला सांगा.

उत्साही : गुरुजी, प्रश्न रास्त आहे, पण नावाच्या आधी दृष्टी बदलली, आणि त्या बदलाची कैफियत ऐकून घेतल्याशिवाय निकाल देणे न्यायाचे होणार नाही. १८७३ साली ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्लिश वैद्याने आकडी म्हणजे मेंदूच्या करड्या द्रव्यातून अकस्मात आणि अतिरिक्त प्रमाणात होणारे विसर्जन अशी तिची व्याख्या बांधली, १९२९ साली हान्स बर्गर या जर्मन वैद्याने मनुष्याच्या मेंदूतील विद्युत्-लहरींचा आलेख प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून वैद्यापुढचा सवाल एकच राहिला : आकडी थांबली की नाही? योग्य निदान झाले आणि औषध नियमित मिळाले, तर शंभरातल्या सत्तर रुग्णांच्या आकड्या थांबू शकतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि हे यश लहान नव्हे. परंतु आकडी थांबल्यानंतरही जे मूल वर्गात मागेच राहते, सांगितलेल्या तीन निरोपांपैकी ज्याच्या लक्षात एकच उरतो, त्याची नोंद करण्याला आमच्या केसपेपरावर जागाच नव्हती. कोणी विचारलेच तर दोन उत्तरे तयार असत : वारंवार आकडी येऊन मेंदूला इजा झाली, किंवा औषधाने जडत्व आले. दोन्ही उत्तरे खोटी नाहीत. मात्र ज्या मुलांना नुकत्याच एकदोन आकड्या आलेल्या आहेत, ज्यांच्या पोटात औषधाचा कणही गेलेला नाही आणि ज्यांच्या साध्या एमआरआयमध्ये काहीच वावगे दिसत नाही, अशा मुलांतही स्मृती, अवधान आणि विचाराचा वेग पुष्कळदा समवयस्कांच्या मागे असतो, असे गेल्या काही दशकांच्या चाचण्यांत वारंवार आढळले, तेव्हा ती दोन्ही उत्तरे अपुरी ठरली. आकडी हे कारण आणि विस्मरण हा तिचा परिणाम, असा सरळ हिशेब नसून दोन्ही एखाद्या तिसऱ्याच गोष्टीतून उद्भवत असावीत, हा संशय तेथून बळावला. शिवाय सांधणीचा विचार ही काही कालपरवाची टूम नव्हे. १९४० च्या सुमारास व्हॅन वॅगेनेन या अमेरिकन शल्यविशारदाने मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा आकडी आवरण्यासाठी छेदला; पुढे तशाच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या अभ्यासासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूचे भाग एकमेकांपासून तोडले तर मनाचे काय होते, हे जगाला अपस्माराच्याच रुग्णांकडून कळले आहे.

साशंक : इतिहासात शिरलात, तर एक साक्षीदार माझ्याही बाजूचा आहे, आणि तोही अपस्माराचाच रुग्ण आहे. हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाच्या आकड्या औषधाला जुमानीनात, तेव्हा १९५३ साली स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या दोन्ही कानशिलांच्या आतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आणि त्याच्या लगतचा प्रदेश काढून टाकला. आकड्या पुष्कळ उतरल्या, पण त्या दिवसापासून २००८ साली मरेपर्यंत त्याच्या मनात नवी आठवण म्हणून जवळजवळ टिकली नाही. ज्या विदुषीने त्याची वर्षानुवर्षे परीक्षा घेतली त्या ब्रेंडा मिल्नर खोलीत आल्या, की त्याला त्या दरवेळी नवख्याच वाटत. याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा? एक ठिकाण गेले आणि त्या ठिकाणाबरोबर एक शक्ती गेली. मग ठिकाणाला सोडून तंतूंच्या मागे धावण्याचे प्रयोजन काय?

उत्साही : साक्षीदार आपला खरा, पण उलटतपासणीत तो तितकासा आपला राहत नाही. त्याच माणसाला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवावयास दिली, तर रोजच्या रोज त्याचा हात सुधारत गेला. आणि हे काम आपण पूर्वी कधी केले आहे, हे मात्र त्याला एकदाही आठवले नाही. म्हणजे स्मृती एकाच कोठडीत कोंडलेली नव्हती. ठिकाणाचे महत्त्व मी नाकारीत नाही. परंतु ज्याचा विकार एकाच बाजूच्या हिप्पोकॅम्पसपुरता आहे अशा रुग्णाला आठवणीबरोबर कामाची आखणी करणे, एका गोष्टीवरून दुसरीवर लक्ष वळवणे, हेही जड जाते, आणि ही कामे त्या ठिकाणाच्या अखत्यारीतली नव्हेत. २०१८ साली अनेक देशांतील चोवीस केंद्रांनी मिळून २,१४९ रुग्णांच्या मेंदूंची मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा थॅलॅमस नावाचा खोलवरचा भाग लहान झालेला आणि हालचालींचे नियमन करणाऱ्या पट्ट्याचे कवच पातळ झालेले निरनिराळ्या प्रकारच्या अपस्मारांत समान आढळले. आकडीचा उगम कोठेही असो, तिचे पडसाद दूरवर उमटलेले होते.

एक उदाहरण देतो, मग पुन्हा देणार नाही. मनमाड–सिकंदराबाद हा निजामाच्या अमदानीतला लोहमार्ग आपण पाहिला आहे. एकेरी रुळावर परभणीला एक मालगाडी अडली, म्हणजे जालन्याच्या फलाटावरची गाडी निर्दोष असूनही दीड तास उभी राहते, आणि जो मनुष्य केवळ जालन्याचे स्थानक तपासतो त्याला या विलंबाचे कारण कधीच सापडत नाही. मेंदूतही काही केंद्रे अशी जंक्शनाच्या जागी आहेत. ती ओळखण्याची एक रीत भरत बिस्वाल या भारतीय वंशाच्या संशोधकाने १९९५ साली दाखवली : मनुष्य एमआरआयच्या यंत्रात नुसता निपचित पडला असता त्याच्या मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूंचे हालचालींचे प्रदेश दूर असूनही एकाच लयीत वरखाली होत असतात. जे प्रदेश असे एकत्र वरखाली होतात ते परस्परांशी व्यवहार करीत असावेत, या अनुमानावर पुढचे सारे नकाशे उभे आहेत. आणि अपस्माराच्या रुग्णांत ही लय पुष्कळ ठिकाणी विस्कटलेली, दूरच्या प्रदेशांत क्षीण झालेली दिसते.

साशंक : उदाहरण आपण दिलेत ते बरे केलेत, कारण माझा आक्षेप त्यातच आयता आहे. जालन्याची आणि नांदेडची गाडी एकाच दिवशी उशिरा आली, म्हणून त्या दोन गाड्यांचा एकमेकींशी काही व्यवहार आहे असे ठरत नाही. दोन्हीकडे पाऊस झाला असेल. आपल्या यंत्राला मेंदूतले बोलणे ऐकू येत नाही, त्याला रक्तप्रवाहातला चढउतार दिसतो, आणि त्यावरून आपण संभाषणाचे अनुमान करता. बरे, तो चढउतार तरी निर्मळ असतो काय? २०१२ च्या सुमारास आपल्याच शास्त्रातल्या लोकांनी दाखवून दिले, की यंत्रात पडलेल्याचे डोके मिलिमीटरच्या अंशाने हलले तरी जवळच्या प्रदेशांची सांधणी वाढलेली आणि दूरच्यांची घटलेली दिसू लागते. आता मला सांगा, ज्या मुलाचे अवधान चंचल आहे ते मूल त्या अरुंद नळीत अधिक हलेल, की घरचे निरोगी मूल? आपण ज्याला विस्कटलेली लय म्हणता, ती कित्येकदा मुलाची चुळबूळ नसेल कशावरून? तंतूंच्या वाटा रेखाटण्याची दुसरी रीत आहे, पाण्याच्या कणांची हालचाल मोजून केलेली. तिची परीक्षा २०१७ साली वीस संशोधनगटांकडून घेण्यात आली, तेव्हा खऱ्या वाटा बहुतेकांना सापडल्या, पण त्यांच्याबरोबर ज्या नव्हत्याच अशा वाटा त्याहून अधिक संख्येने नकाशावर उमटल्या. आणि २०२२ साली तर असे दाखवण्यात आले, की मेंदूच्या अशा मापांचा मनुष्याच्या बुद्धीशी वा वर्तनाशी संबंध खात्रीने सांगावयाचा तर हजारो माणसे मोजावी लागतात. वीस-तीस रुग्णांवरून काढलेले निष्कर्ष टिकत नाहीत. ज्या मोजणीत बांध कोठे आहे हेच नक्की नाही, तिच्यावर कोणता मामलेदार फेरफार मंजूर करील?

उत्साही : मामलेदार करणार नाही, आणि मीही एकट्या नकाशावरून एका मुलाचे निदान करणार नाही, हा नकाशा आज मुंबईच्या रुग्णालयातही नित्याच्या कामकाजाचा भाग नाही, हे मी कबूल करतो. परंतु सरासरीवर अवलंबून नसलेला एक पुरावा आपल्याच वर्गातला आहे. मुलाच्या डोक्याला ईईजीच्या तारा लावून त्याच्याकडून काही काम करवून घेतले, तर आलेखावर सेकंद-दोन सेकंदांचा एखादा विद्युत्-उद्रेक उमटतो. डोळा फिरत नाही, हात झटकत नाही, पाहणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी मुलाची चूक होते किंवा उत्तराला विलंब लागतो. श्रुतलेखनात मधले दोन शब्द गळलेले असतात ते आपण पाहिले असतील. त्यांतले काही निष्काळजीपणाने गळालेले नसतात. येथे दोन गटांची तुलना नाही, एकाच मुलाचा एक क्षण आणि त्याच मुलाचा दुसरा क्षण आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून अपस्मारावर शस्त्रक्रिया होतात. तशा कोणत्याही केंद्रात, कानशिलाआतला भाग काढण्यापूर्वी या रुग्णाची भाषा कोणत्या बाजूला वसते आणि उरलेला मेंदू स्मृतीचा भार पेलील काय, हे तपासल्याशिवाय शस्त्र हाती धरीत नाहीत. मोलेसनच्या प्रकरणातून घेतलेला हा धडा आहे. आणि ठिकाण व सांधणी ही दोन्ही मानल्याशिवाय तो धडा अमलात येत नाही.

साशंक : शस्त्रक्रियेपर्यंत जाणारे किती? माझ्या डोळ्यांसमोर जो आहे तो त्या रांगेत कधी उभाच राहत नाही. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. त्या व्यवहारात नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, मुलांना काहीच म्हणत नाहीत, पण तीही बरोबर जातात. आकडी येणारे मूल मागे म्हातारीजवळ ठेववत नाही, कारण विहिरीवर आणि चुलीजवळ त्याच्यावर डोळा ठेवणारे कोणी हवे. म्हणून त्याला हमखास नेतात. गावाकडून घेतलेल्या गोळ्या महिन्या-दीड महिन्यात संपतात. फडावर नवा दवाखाना, नवे डॉक्टर, जुना कागद कोपीत भिजलेला. आणि एक दिवस बुडाला तर उचलीतून कापला जातो, तेव्हा गोळीसाठी दिवस कोण बुडवणार? गाडी भरायची पाळी मध्यरात्री येते, सारे कुटुंब उठते, मुलाची झोप मोडते. झोपमोड आणि एकाएकी तुटलेले औषध ही दोन्ही आकडीला कसे आवतण देतात, हे मी आपल्याला सांगणे म्हणजे आगाऊपणा होईल. पाडव्याच्या सुमारास ते मूल परत येते तेव्हा त्याची निम्म्याहून अधिक शाळा बुडालेली असते, आणि आपण त्याच्या मेंदूत विस्मरणाचे मूळ शोधू पाहता! जे त्याला कोणी शिकवलेच नाही, ते तो विसरला असे कसे म्हणावे?

त्यातून जी गोळी त्याला मिळते ती बहुधा सर्वांत स्वस्त, म्हणजे फेनोबार्बिटोन. १९१२ सालापासूनचे औषध. त्याने लाखोंचे प्राण राखले, याबद्दल मी त्याला नमस्कार करतो. पण तापात आकडी येणाऱ्या लहान मुलांना ते दोन वर्षे देऊन पाहिले, तेव्हा ज्या गटाला ते नेमले होते त्याचा बुद्ध्यंक दुसऱ्या गटाहून सुमारे आठ गुणांनी खाली भरला, हा निष्कर्ष अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेला आहे. आणि बुद्ध्यंक तरी कोणत्या मापाने मोजणार? कामत यांनी कानडी व मराठी मुलांसाठी १९३० च्या दशकात बसवलेली कसोटी आणि नागपुरात मालिन यांनी १९६० च्या दशकात बसवलेली कसोटी, या दोहोंच्या आधारे आजही दाखले दिले जातात. ज्या काळच्या मुलांशी तुलना व्हायची ती मुले आता पणजोबा झाली. औषध, बुडालेली शाळा, मागचा बाक, जुनाट माप, एवढे सगळे वजा केल्यावर आपल्या सांधणीच्या वाट्याला काय उरते, ते दाखवा.

उत्साही : तेच दाखवता यावे म्हणून माझी खटपट आहे, आणि आपण मांडलेली सारी यादी माझ्याच बाजूला रुजू होते. कारणे पाच असतील तर ती वेगळी करण्याची सोय हवी; आणि पहिल्या भेटीतच, गोळी सुरू होण्याआधी, मुलाची स्मृती, अवधान आणि वेग यांची नोंद केली नाही, तर वर्षभराने ते मंद झाले असता गोळीने मंद झाले, की आधीपासून होते, की फडावरच्या सहा महिन्यांनी झाले, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अशी नोंद नसते म्हणून आज काय होते? आई म्हणते गोळीने पोर बधिर झाले, डॉक्टर म्हणतो रोगामुळे झाले, मास्तर म्हणतो मुळातच आळशी आहे. तिघेही आपापल्या अनुमानावर ठाम असतात, आणि आई तेवढी गोळी बंद करू शकते, म्हणून तीच बंद होते. या नोंदीला एमआरआय लागत नाही. कागद, पेन्सिल, एक गोष्ट ऐकवून अर्ध्या तासाने पुन्हा विचारणे, काही आकडे उलटे म्हणवून घेणे, एवढ्याने पुष्कळ कळते. आणि मागल्या नोंदीशी आजच्या नोंदीची तुलना त्याच मुलाची त्याच मुलाशी होत असल्यामुळे पणजोबांच्या काळच्या मापाचे भयही बरेच उणे होते.

आता आपण विचाराल, की याला सांधणीचा सिद्धान्त कशाला हवा होता? हवा होता तो अशासाठी, की जोवर विस्मरण हे आकडीचे शेपूट मानले जात होते, तोवर आकडी थांबवली की आपले काम संपले असे वाटे आणि चाचणीची गरजच भासत नसे. आकडी आणि विस्मरण एकाच बिघाडाच्या दोन बाजू असू शकतात असे मानले, की आकडी नसलेल्या दिवशीही मुलाकडे पाहणे हे वैद्याचे कर्तव्य होऊन बसते.

साशंक : चाचणीला माझी हरकत नाही, असे म्हणून मोकळा झालो असतो; पण चाचणीचा निकाल आईला सांगावा लागेल, आणि मला धास्ती आहे ती त्या सांगण्याची. आपण जाळीच्या देवाला जाणाऱ्यांना अडाणी म्हणत नाही, हा आपला सभ्यपणा. तरी त्यांच्या समजुतीत एक गोष्ट होती जी आपल्या समजुतीत नाही. बाधा ही बाहेरून आलेली असते, आणि जी आली ती जाऊ शकते. पोर मूळचे चांगलेच होते आणि उद्या पुन्हा चांगले होईल, असे त्या आईला म्हणता येत होते. आपण तिला सांगणार, की आकडी थांबली तरी मेंदूची सांधणीच सदोष आहे. ती हे ऐकून घरी काय नेते? तिच्या लेखी तो शेवटचा निकाल होतो, वर अपील नाही. आपल्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु समाज शास्त्राचे वाक्य अर्धेच उचलतो आणि उरलेले आपल्या सोयीने पुरे करतो.

कायद्याने काय केले पाहा. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन वेडाच्या झटक्यांच्या पंगतीला अपस्माराचे झटके बसवण्यात आले, आणि ते शब्द १९९९ साली काढले जाईपर्यंत तेवीस वर्षे, ज्या मुलीला वर्षातून दोनदा आकडी येई तिची आणि वेडाची नोंद एकाच कलमात राहिली. शब्द गेले, धाक गेला नाही. अजून गोळ्यांची पट्टी माहेरहून लपवून येते, आणि लपवता आली नाही की बुडते. उलट जेथे दाखल्याचा उपयोग झाला असता तेथे दाखला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत. त्यांत अपस्मार स्वतःच्या नावाने नाही. ज्याची बुद्धी बरीच खालावली आहे तो बौद्धिक अक्षमतेच्या रकान्यात बसतो. पण ज्याला सारे समजते, फक्त इतरांच्या दीडपट वेळ लागतो, तो कोणत्या रकान्यात बसेल? म्हणजे आपली चाचणी त्याला एक दोष चिकटवील आणि त्या दोषाच्या बदल्यात हक्क मात्र एकही देणार नाही.

उत्साही : बाधा जाऊ शकते आणि सांधणीतला दोष जाऊ शकत नाही, हा आपला मुद्दा मला आजवर कोणी इतक्या स्पष्टपणे ऐकवला नव्हता, आणि त्याला माझ्यापाशी अर्धेच उत्तर आहे. मेंदूची सांधणी ही दगडावरची रेघ नव्हे. वयाबरोबर, झोपेबरोबर, शिकण्याबरोबर ती बदलत असते. लहान वयात डावा गोलार्ध निकामी झाला, तर भाषा उजवीकडे बिऱ्हाड हलवते, हे वैद्यांनी वारंवार पाहिले आहे. आकड्या आणि अदृश्य उद्रेक आवरले गेल्यावर कित्येक मुले पुन्हा अभ्यासाला लागतात, हेही पाहिले आहे. हे झाले अर्धे. उरलेले अर्धे असे, की कोणाची स्मृती परत येईल आणि कोणाची येणार नाही, हे आधी सांगता येत नाही. आणि विशिष्ट व्यायामाने ही सांधणी पूर्ववत होते असा दावा कोणी करीत असेल, तर त्याच्यापासून मी आईला दूरच ठेवीन. लपवण्याविषयी म्हणाल, तर पुण्यात यशोदा वाकणकर यांनी उभा केलेला ‘संवेदना’ हा गट रोग उघड सांगून विवाह जुळवण्याचे काम करीत आला आहे. उघडपणाने सर्वांचे नुकसानच होते, असे त्यावरून तरी दिसत नाही.

साशंक : पुण्याचे वारे परतूरला पोहोचायला वेळ लागतो. आपण प्रत्यक्षावर येऊ. समजा एक मुलगी आहे, मंठ्याकडची, नववीत. दोन वर्षे आकडी नाही, गोळी हळूहळू कमी करण्याचा विचार चालला आहे, आणि गुण मात्र सहामाहीगणिक उतरत आहेत. आपण चाचणी घेतलीत, वेग मंद निघाला. हे शाळेच्या दप्तरात नोंदवणार, की आपल्या फाइलीत ठेवणार?

उत्साही : फाइलीत ठेवीन. तिच्या सोयरिकीच्या वेळी शाळेचे दप्तर कोण चाळील, याचा नेम नाही.

साशंक : मग दहावीला तिला जादा वेळ कोण देणार? त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि अर्जावर कारण लिहावे लागते. कारण लिहिले की ते दप्तरात आले. नाही लिहिले तर तिने तीन तासांत जेवढे होईल तेवढे लिहावे, नापास व्हावे, आणि घरच्यांनी म्हणावे, हिला शिकवून उपयोग नाही, उजवून टाका. दोन्ही वाटा मी पाहिलेल्या आहेत. यांतली कोणती आपण तिच्यासाठी निवडणार?

उत्साही : मी निवडणार नाही. तिची आईही एकटीने निवडणार नाही. मुलीला विचारले पाहिजे.

साशंक : आणि विचारण्याआधी तिला सगळे सांगितले पाहिजे, म्हणजे जे आईला सांगायला मी हरकत घेतली, तेच आपण चौदा वर्षांच्या पोरीला सांगणार.

उत्साही : होय. अर्धे उत्तर माहीत आहे आणि अर्धे नाही, हेही त्यातच सांगावे लागेल. ते तिला कसे सांगायचे, हे मात्र मला कोणी शिकवलेले नाही. आपण पोरांत उभी हयात काढलीत, तेव्हा पहिले वाक्य आपणच सुचवा.

साशंक : मला सुचले असते, तर मी आपल्याशी इतका वेळ वाद घातला असता काय?